‘मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा’

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई ६१ वर्षांच्या आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान अचानक गेले. बँक, गॅस, लाइट बिल, फोनचा रिचार्ज हे सगळं तेच बघायचे. दर शनिवारी खाकी पिशवी घेऊन सकाळी बाहेर पडायचे आणि जेवायच्या वेळेला परतायचे. त्यांच्या नावावरचं बचत खातं आणि दोन मुदत ठेवी अजून तशाच आहेत. नॉमिनी म्हणून ताईंचं नाव आहे. शाखेत एकदा गेल्या, तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता ‘कस्टमर केअरला फोन करा, नाहीतर ॲपवर रिक्वेस्ट टाका’ असं सांगून परत पाठवलं. ताई लिहितात : “माझे मिस्टर वारले, असं मी त्या फोनला पाच वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी ती बाई म्हणते, मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा. पाचव्यांदा मी ओरडले. मग फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतक्या वेळा तर मी नातेवाइकांनाही सांगितलं नव्हतं.” मुलगा बंगळूरला असतो. तो म्हणतो, आई, बाबांच्या ॲपवरून दोन मिनिटांत होतं सगळं, तू उगाच ताण घेतेस. ताईंचा प्रश्न असा : मी मागे पडले आहे का? सगळं मुलाच्या हाती देऊन मोकळी होऊ, की पैसे काढून गावातल्या ओळखीच्या पतसंस्थेत ठेवू? तिथे निदान ‘या वहिनी, बसा’ म्हणतात. माणसंच नाहीशी झाली आहेत, यात आपण जगायचं कसं?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना त्या पाच वेळांपाशी मी थांबले. घरातलं माणूस गेल्यावर ते वाक्य उच्चारायला किती बळ लागतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. आणि ते बळ एकवटून तुम्ही बोललात, तर पलीकडून ‘समजलं नाही’. तुम्ही ओरडलात याची लाज पत्रात दिसते. ती मनातून काढून टाका. तिथे कोणीही ओरडलं असतं.

आधी ‘मी मागे पडले का’ याचं उत्तर देते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. नाही, ताई. तुम्ही अगदी स्पष्ट, साध्या मराठीत बोललात. फोनवरचं ते यंत्र कसं चालतं ते बघा. लोक सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात याचा हिशोब करून त्याची यादी बनवतात. शिल्लक किती, कार्ड हरवलं, चेकबुक पाहिजे, हप्ता कधी. रोज लाखो लोक हेच विचारतात, म्हणून त्याची बटणं असतात. ‘खातेदार गेले’ हे त्या मानाने क्वचित विचारलं जातं, म्हणून त्याला बटण नसतं, किंवा असलंच तर कुठेतरी सातव्या यादीत खाली असतं. म्हणजे दिवस नेहमीसारखा असतो तेव्हा यंत्र पटकन उपयोगी पडतं, आणि घरावर आभाळ कोसळतं नेमकं त्याच दिवशी ते काही कामाचं नसतं. हा दोष यादी करणाऱ्यांचा आहे. त्यांनी तुमचा विचारच केला नव्हता.

आता एक गोष्ट जपून विचारते. पूर्वी माणसं होती आणि म्हणून सगळं आपुलकीचं होतं, असं तुमच्या पत्रात गृहीत धरलेलं आहे. माझी एक आठवण सांगते. माझी आई सत्तरीला आली तेव्हा तिचा हात थरथरायला लागला होता. पैसे काढायला मी तिला बँकेत घेऊन गेले. पितळी टोकन हातात घट्ट धरून ती बाकावर बसली होती. काउंटरवरच्या साहेबांनी स्लिप परत सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘सही जुळत नाही आजी, शिकून या.’ आईने मान खाली घातली. तेवढ्यात तिथला शिपाई आला. त्याने एका जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून आईपुढे ठेवला आणि म्हणाला, ‘घाई नाही, इथे चार वेळा करून बघा, हात बसेल.’ चौथ्यांदा सही जुळली. एका खोलीत, दहा पावलांच्या अंतरावर ही दोन माणसं होती. पहिलाही माणूसच होता.

यंत्राची सुरुवातही अशाच एका तक्रारीतून झाली असं सांगतात. अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ होता. अंत्यविधीची व्यवस्था करून देणं हा त्याचा धंदा. त्या काळी फोन जोडून द्यायला ऑपरेटर बाई असे. त्याचे कॉल ती बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, कारण ती त्या प्रतिस्पर्ध्याचीच बायको आहे, असा त्याला संशय होता. संशय खरा की खोटा, कोण जाणे. पण चिडून त्याने ऑपरेटरशिवाय फोन आपोआप जोडणारं यंत्र तयार केलं. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. माणूस ओळख बघतो, जात बघतो, कपडे बघतो, म्हणून काहींना यंत्रच बरं वाटतं. रात्री अकरा वाजता शेतातून आलेला माणूस फोनवर शिल्लक बघतो, तेव्हा त्याला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. ही सोय खोटी नाही.

हे सगळं तुमचं दुःख हलकं करण्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला नेमकं काय हवं आहे हे नीट ओळखता यावं म्हणून लिहिते आहे. माझ्या मते तुमच्या पत्रात दोन भुका एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, काम होण्याची. ऐकून घेणारा, निर्णय घ्यायचा अधिकार असलेला आणि ‘हे माझ्याकडे आहे’ असं आपल्या नावानिशी म्हणणारा माणूस तुम्हाला हवा आहे. हा तुमचा हक्क आहे, आणि तो मागताना गोड बोलण्याचीही गरज नाही. दुसरी भूक ‘या वहिनी, बसा’ची. ती बँकेने भागवावी अशी अपेक्षा ठेवली तर तुम्ही पुन्हा पुन्हा दुखावल्या जाल. तिच्याबद्दल शेवटी बोलू. आधी पहिली.

फोन आणि ॲप दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. मृत खातेदाराचा दावा हे शाखेचं काम आहे, आणि त्याला बँकेत ‘डिसीज्ड क्लेम’ म्हणतात. हाच शब्द वापरा. काउंटरवर न जाता सरळ शाखा व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये जा आणि पहिलं वाक्य एवढंच बोला : ‘खातेदार वारले आहेत, मी नॉमिनी आहे, डिसीज्ड क्लेमचा फॉर्म द्या.’ आजार, दवाखाना, ते कसे गेले, हे त्यांना सांगायची गरज नाही. सांगावंसं वाटलं तर जरूर सांगा, पण काम व्हावं म्हणून ती जखम तिथे उघडी करावी लागत नाही.

तुमच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे, ती म्हणजे नॉमिनी. खात्याला नॉमिनी असेल तर भरलेला दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख व पत्ता पटवणारा कागद, एवढ्यावर बँकेने पैसे द्यायचे असतात. अशा वेळी वारसा दाखला, कोर्टाचा कागद, जामीनदार मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बँकांना सांगितलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच विषयावर नव्याने सविस्तर निर्देश काढले. कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, आणि बँकेमुळे उशीर झाला तर व्याजाच्या रूपात भरपाई द्यायची, असं त्यात आहे. तुमच्याकडे कोणी ‘आधी वारसा दाखला आणा’ म्हणालं तर वाद घालू नका. ‘तसं मला लेखी द्या’ एवढंच म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच अटी आपोआप गळून पडतात, हा माझा अनुभव आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही इथेच सांगून ठेवते. पैसे नॉमिनीच्या हातात येतात, पण ते वारसांच्या वतीने सांभाळण्यासाठी. तुम्ही आणि मुलगा एकमताने असाल तर यात काही गुंता नाही. इतर वाचकांपैकी ज्यांच्या घरी भाऊबंदकी आहे, त्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं.

कागद दिले की पोच घ्या. अर्जाची झेरॉक्स आधीच काढून न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही मागा. हा शिक्का मला फार मोलाचा वाटतो. फोनवरचं यंत्र तुम्हाला तेच देत नव्हतं : कोणीतरी, अमुक तारखेला, तुमचं म्हणणं स्वीकारलं, याची खूण. कागद घेणाऱ्याचं नाव विचारून त्याच झेरॉक्सवर तुमच्या हाताने लिहा. ‘आपलं नाव काय?’ या प्रश्नाने माणूस मान वर करतोच. करून बघा.

१५ दिवसांनीही काही हललं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तिचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरात यासाठी एकच योजना लागू झाली. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, टपालानेही पाठवता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तिथेही आधी बटणं दाबावी लागतील, मनाची तयारी ठेवा. पण मराठीचा पर्याय आहे आणि कामाच्या वेळात माणूस भेटतो. बँकेखेरीज इतर कंपन्यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर सगळ्यांनीच पाठ करून ठेवावा.

फोनवरच बोलावं लागलं तर? माझी भाची पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये पाच वर्षं होती. तिच्याकडून ऐकलेलं सांगते. तिथल्या मुलांच्या डोक्यावर घड्याळ असतं. एक कॉल सरासरी किती मिनिटांत संपवायचा, हे ठरलेलं असतं आणि त्यावरून त्यांचं मोजमाप होतं. एकदा एका आजोबांचा फोन तिने पंचवीस मिनिटं चालू दिला. त्यांच्या बायकोच्या नावावरचं कनेक्शन बंद करायचं होतं आणि ते मधूनमधून गप्प होत होते. काम झालं, आजोबांनी आशीर्वाद दिला, आणि संध्याकाळी टीम लीडरने तिला त्या पंचवीस मिनिटांचा जाब विचारला. तेव्हापासून मला कोरडा आवाज ऐकला की राग येत नाही. त्या आवाजामागे बहुतेक वेळा एक थकलेली पोर असते. माणूस नाहीसा झालेला नाही, ताई. त्याच्याकडून माणूसपणाची फुरसत काढून घेतली आहे.

म्हणून अशा पोरांशी बोलताना सुरुवातीलाच काय हवं ते सांगा आणि ‘हे तुमच्या हातात नसेल तर वरिष्ठांकडे द्या’ म्हणा. तसं केल्याने त्यांचीही सुटका होते. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदीचा क्रमांक, एका वहीत लिहा. मोबाइल कंपन्यांच्या बाबतीत तर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१२ चे नियमच आहेत : बटणांच्या आतल्या याद्यांमध्ये माणसाशी बोलण्याचा पर्याय ठेवायला हवा. तो सापडत नसेल तर ती कंपनीची चूक, तुमची नव्हे.

आणि यंत्राने काही सांगितलं तर तेही जपून ठेवा. कॅनडातली एक गोष्ट इथे अगदी लागू पडते. एका माणसाची आजी वारली. विमानाने जायचं होतं. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने, म्हणजे लिहून उत्तरं देणाऱ्या यंत्राने, त्याला सांगितलं, आत्ता तिकीट काढा, घरात मृत्यू झाला असेल तर मिळणारी सवलत नंतर ९० दिवसांत मागता येईल. त्याने तसं केलं. नंतर कंपनी म्हणाली, असा नियमच नाही, चॅटबॉट चुकला. त्याही पुढे जाऊन कंपनीने असा युक्तिवाद केला की चॅटबॉट जे बोलला त्याला तोच जबाबदार, आम्ही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो धुडकावला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. त्या माणसाने चॅटचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, म्हणून हे शक्य झालं. दुकानाच्या गल्ल्यावर कोणालाही बसवा, देणं मालकाचंच असतं, हे आपल्या बाजारपेठेत कोणाला शिकवावं लागत नाही.

आता ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटते ती. तुम्ही लिहिता, ‘कोणी माणूस बोलला तरी पुरे होतं.’ ताई, हीच भूक हेरून चोर बसले आहेत. गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधला की त्यात खोटे नंबरही सापडतात. खऱ्या नंबरवर तुम्ही वीस मिनिटं संगीत ऐकता. खोट्या नंबरवर दुसऱ्या रिंगला उचलतात, ‘नमस्कार मॅडम’ म्हणतात, तुमचं सगळं ऐकून घेतात, यजमान गेल्याचं कळल्यावर हळहळतात सुद्धा. आणि मग म्हणतात, काळजी करू नका, एक लिंक पाठवतो, एवढं ॲप डाउनलोड करा, आलेला ओटीपी सांगा. फसलेल्या कितीतरी बायकांनी हेच सांगितलं आहे, ‘किती चांगला बोलत होता हो.’ म्हणून नंबर फक्त पासबुकावरचा, कार्डाच्या मागचा किंवा शाखेच्या फलकावरचा घ्या. ओटीपी, पिन कोणालाही सांगू नका, कितीही मायेने विचारलं तरी. काही विपरीत घडलंच तर लाजेपायी दोन दिवस गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

यजमानांचा नंबर तुम्ही अजून रिचार्ज करता, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहे. तो चालू ठेवलात हे योग्यच केलंत. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला मिळतो. मग बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाकडे जायला लागतात. म्हणून दाव्याचं काम पूर्ण होईपर्यंत तो चालू असू द्या आणि त्यानंतर वारस म्हणून तो तुमच्या नावावर करून घ्या. तुम्हाला तो बंदच करायचा नसेल तर नका करू. त्याचं कारण कोणाला सांगायची गरज नाही.

मात्र त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीने बाबांच्या ॲपवरून पैसे वळते करायचे, असं मुलाच्या ‘दोन मिनिटांत’ दडलेलं असेल, तर ते करू नका. खातेदार गेल्यावर त्याच्या नावाने व्यवहार करणं नियमाला धरून नाही आणि पुढे तुमच्याच गळ्याशी येऊ शकतं. मुलाचा हेतू वाईट नाही. त्यालाही आठच महिने झाले आहेत. बाबांची कागदपत्रं हातात घेऊन बसणं त्याला जड जात असेल, म्हणून तो ते दोन मिनिटांत उरकायचं म्हणतो, असं मला वाटतं. हे मी पत्रावरून ओळखते आहे, चुकतही असेन. तुम्ही त्याला सरळ विचारा.

सगळं त्याच्या हाती देऊन मोकळं होण्याचं म्हणाल, तर मी तसा सल्ला देणार नाही. ६१ हे काही वय नाही. खातं तुमचं, सही तुमची, एटीएमचा पिन तुमच्या डोक्यात. वाटून घ्या : कागद, सही आणि शाखेत जाणं तुमच्याकडे; मेल पाठवणं, पोर्टलवर तक्रार भरणं, तारखा लक्षात ठेवणं त्याच्याकडे. रविवारी संध्याकाळी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर दोघांनी मिळून बसा. ॲप शिकायचं असेल तर आधी फक्त शिल्लक बघायला शिका. महिनाभर तेवढंच. मला स्वतःला याहून जास्त वेळ लागला होता.

राहिली पतसंस्था. ‘या वहिनी’ ऐकायला कोणाला आवडणार नाही? आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्थांनी बँक ज्यांना दारात उभं करत नव्हती अशांना कर्ज दिलं, पिग्मी एजंट रोज दारात येऊन दहा-वीस रुपये घेऊन गेला, हे मी आदराने लिहिते. पण आयुष्यभराची पुंजी तिथे हलवण्याआधी एक जाणून घ्या. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. रिझर्व्ह बँकेचे लोकपालही तिथे तुमच्या मदतीला येऊ शकत नाहीत, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे न्यावी लागते. महाराष्ट्रात पतसंस्था बुडाल्या तेव्हा ‘या, बसा’ म्हणणारी माणसं चांगलीच होती आणि त्यांच्याही ठेवी अडकल्या होत्या. तुमचं तिथलं नातं तोडू नका. छोटं खातं उघडा, महिन्याची थोडी रक्कम टाका. मुख्य ठेवी बँकेत राहू द्या.

बँक बदलायचीच असेल तर मात्र जरूर बदला. आपल्या माणसांची वर्दळ असलेली, जिना चढावा न लागणारी शाखा निवडणं हा अगदी व्यवहारी निकष आहे. पुढे सत्तरी आली की घरपोच बँकिंगची सोय मागता येईल. ७० वर्षांवरच्या ग्राहकांना ती द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलं आहे. आणि कंपन्यांनाही माणसाची किंमत कळते कधीकधी. स्वीडनच्या क्लार्ना या ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीने २०२४ मध्ये आपला एआय सहायक ७०० माणसांचं काम करतो असं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये दर्जा घसरल्याचं मान्य करून तिने ग्राहकांसाठी पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे ते आपोआप होणार नाही. शाखेतल्या तक्रार वहीत प्रत्येकाने लिहिलं तर कदाचित होईल. तुमची नोंद अशी करा : ‘खातेदाराच्या मृत्यूची माहिती देण्यासाठी फोनवर थेट माणूस हवा.’

आता दुसरी भूक. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला बाकी सगळ्याहून जास्त लागलं : ‘हे शनिवारी घरी यायचे ते सगळं गाव घेऊन यायचे.’ कोणाची म्हैस व्याली, कोणाची बदली झाली, पेपरवाल्याच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला. बँकेचं काम पंधरा मिनिटांचं असायचं. उरलेले तीन तास ते गावाशी बोलत असायचे आणि त्यातलं अर्धं तुमच्यापर्यंत पोचायचं. ते गेले आणि तुमच्या घरात येणारं गावही थांबलं. त्या फोनवरच्या बाईला तुम्ही पाच वेळा जे सांगत होतात, त्यात हेही होतं असं मला वाटतं. ते तिला कळणं शक्यच नव्हतं.

गाव मात्र जागेवर आहे. रेशनच्या दुकानात, गॅस एजन्सीत, पोस्टात, चक्कीवर, त्यांच्याशी बोलणारी माणसं अजून तिथेच आहेत, आणि वहिनींशी काय बोलावं हे न सुचल्याने ती गप्प असतील. सुरुवात तुम्हाला करावी लागेल. पहिल्या दिवशी जड जाईल. एखादीला सोबत न्या.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, म्हणून पहिला किंवा तिसरा शनिवार धरा. खाकी पिशवी घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या सात-आठ प्रती, आधारच्या झेरॉक्स, पासबुक, ठेवींच्या पावत्या, तुमचे दोन फोटो, पेन आणि ती वही. वाचायचा चष्मा विसरू नका. बँक झाली की लगेच घराकडे वळू नका. गॅस एजन्सीत कनेक्शन नावावर करायचा अर्ज द्यायचाच आहे, तो देऊन पेपरवाल्याकडे जा आणि त्याच्या मुलीचं कसं चाललंय ते विचारा.